चुन्याखालची मलमल

बाबा,

सलाम. अकरा वर्षांत तुम्हाला लिहिलेलं हे पहिलंच पत्र. बंदर अब्बासच्या जुन्या हिंदू मंदिराच्या डागडुजीचं काम मला मिळालंय. ठेकेदाराच्या हुकमावरून तुम्ही तिथल्या चित्रावर चुना फासलात, म्हणून मी तुमच्याशी बोलणं टाकलं होतं. तीच भिंत आज मी खरवडायला घेतली.

चुना सायीसारखा सुटत गेला. खाली खळीनं चिकटवलेली मलमल निघाली. ती ओली करून हळूच उचलली, आणि निळा बासरीवाला समोर उभा राहिला. त्याची नखंसुद्धा शाबूत होती.

तेव्हा तुमच्यासोबत कामाला असलेले म्हातारे गवंडी, कलंदर, चपला काढून बघत राहिले. म्हणाले, "ही खळ तुझ्या बापाची. चित्र वाचवायला एका भिंतीला नऊ दिवस लावले म्हणून ठेकेदारानं त्याला हाकललं."

"बाबांनी मला का नाही सांगितलं?"

"तुला सांगितलं असतं तर गावभर झालं असतं, पोरी."

हे पत्र मी टपालात टाकत नाही. उद्या तुमच्याकडे यायला मिनाबची बस धरते. आधी तुमचे हात बघायचे आहेत, मग बोलेन.

तुमची हट्टी,
मेहरनूश