तिसऱ्या सायलोतली ड्युटी

२ फेब्रुवारी २०१८
आले एकदाची! श्रीवर्धनहून निघाल्यापासून डोळा लागला नव्हता, पण घर बघून सगळा शीण गेला. रियाधपासून तासाभरावरचं हे जुनं सिमेंट कारखान्याचं गाव आता नवंकोरं केलंय. पोती भरायच्या शेडमध्ये कॉफीची दुकानं, सिमेंट साठवायच्या दोन उंच सायलोंमध्ये फ्लॅट. आमचा चौथ्या मजल्यावर. भिंती गोल, कपाट कुठेच नीट लागत नाही. शारीक आणि मी पोट धरून हसलो. लग्नाला दोन वर्षं झाली, संसार आज सुरू झाला. तो इथला मेंटेनन्स सुपरवायझर. तिसरा सायलो तेवढा कुलपात आहे.

१९ फेब्रुवारी
गेटवरचे बदरुद्दीनचाचा आपल्या म्हसळ्याचे निघाले. कारखान्यात तीस वर्षं होते. मी बोंबलाची चटणी नेऊन दिली. तिसऱ्या सायलोचं विचारलं, तर म्हणाले, कारखाना बंद व्हायच्या आठवड्यात नऊ माणसं आत साफसफाईला उतरली आणि वरून सिमेंटचा ढीग कोसळला. कागदावर ती आधीच देश सोडून गेलेली. म्हणून कुणी शोधलंच नाही.

१२ मार्च
शारीकच्या जागी सौदी माणूस घ्यायचाय. कफील, म्हणजे त्याला इथे आणणारा मालक, म्हणाला, खलास. फायनल एक्झिट लागला, म्हणजे कायमचा देश सोडायचा. घरी परत जाऊ म्हटलं, की ताटावरून उठतो. "अब्बांना काय तोंड दाखवू?"

२० मार्च
आज हसत आला. नोकरी मिळाली म्हणे. कुठे, ते सांगत नाही. केसांत, पापण्यांत राखाडी भुकटी.

२४ मार्च
दुपारी दोनला भोंगा वाजतो. कारखाना नऊ वर्षं बंद आहे! चाचांना तो ऐकू येत नाही. शारीक मात्र घास टाकून निघतो. आज मागोमाग गेले. धुळीतले पावलांचे ठसे तिसऱ्या सायलोच्या दारापाशी संपले. कुलूप जसंच्या तसं.

२७ मार्च
धरून हलवलं त्याला. म्हणाला, "सुरैया, तिथे इकामा, राहायचा परवाना, विचारत नाहीत गं." बोलताना ओठांतून भुकटी गळत होती. दार लावलं, किल्ली लपवली. भोंगा झाला — दार सताड उघडं.

२९ मार्च
दोन दिवस आला नाही. कफीलच्या ऑफिसात कॉम्प्युटर बघून सांगितलं, तो देश सोडून गेला. कसा गेला? पासपोर्ट माझ्या पर्समध्ये आहे.

३० मार्च
चाचांनी कुलूप तोडलं. आत मांडीएवढं सिमेंट. मधोमध एक हात. अंगठी शारीकची. धरला — बोटं हलली! जिवंत आहे. चाचा दोर आणायला पळालेत.

डायरी पर्समध्येच होती; उजव्या हातात त्याचा हात, डाव्याने लिहितेय. कुणाला तरी कळायला हवं, तो गेला नव्हता. इथेच होता.

कमरेपर्यंत गेले. मी ओढते, तर तोच मला —

चाचा दारातून ओरडतायत, सोड पोरी, हात सोड. सोडला तर वाचेन. पण कसा सोडू, मी त्याला इथे एकटं —