बस सोडली, आता तुझ्या शेतावर येतोय

सोलापूर,
सोमवार

चि. शरणबसव यास अक्काचे पोटभर आशीर्वाद. तुझा गुडघा आता पायरी चढू देतो का? चन्नम्माचा खोकला थांबला का? म्हैस व्याली असेल तर खरवस एकट्यानं संपवू नकोस. मी बरी आहे. (फोनच करणार होते, पण फोनवर तू नुसता "हं, हं" करतोस आणि चन्नम्मा स्पीकर लावते. शिवाय तू शाळेत जायला लागलास तेव्हा तुझ्या पाटीवर बघूनच मी अक्षरं शिकले, ती तुलाच लिहिलेली बरी.)

वैजयंतीनं अमेरिकेहून आल्यावरही पोरांना शाळेत घातलं नाही, घरीच शिकवते. (शेजारची रत्नम्मा अजून विचारते, पोरं आजारी हायत का.) सध्या दानेश्वरी आणि बसूला तिकडच्या काळ्या लोकांचा इतिहास चालू आहे. त्यांना गुलाम करून कापूस वेचायला लावला, पुढं गुलामी गेली तरी पाण्याचे नळ वेगळे, बसमधल्या जागा वेगळ्या. सून सांगते तेव्हा मीही ऐकत बसते. जीव तुटतो. प्रत्येक धड्यानंतर शहरात सहल काढायची असते. तिकडं त्यासाठी संग्रहालयं आहेत. इथं मी आहे.

परवाचा धडा बसचा होता. शिवणकाम करणाऱ्या एका बाईनं गोऱ्या माणसासाठी जागा सोडली नाही, म्हणून तिला अटक झाली. मग तिच्या लोकांनी वर्षभर बस सोडून पायी कामाला जाणं पत्करलं. तेव्हा मी पोरांना सिटी बसमध्ये बसवलं. सवयीनं ह्यांचंही तिकीट घेतलं. कंडक्टरनं ते परत घेतलं नाही, मीही मग पैसे मागितले नाहीत. पर्समध्ये आहे. पुढच्या थांब्यावर एक पागोटेवाले बाबा चढले. कंडक्टर म्हणाला, "ए बाळ, ऊठ की. बाबांस्नी बसू दे."

दानेश्वरी म्हणाली, "मी उठणार नाही. मला अटक करा." बसूनं टाळ्या वाजवल्या.

मी तिला हळूच वरची पाटी वाचून दाखवली, 'ज्येष्ठ नागरिकांसाठी'. ती म्हणाली, "आजी, तिकडंपण पाट्याच होत्या." सगळी बस आमच्याकडं बघत होती. बाबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे की. लई तिखट पोरगी हाय. मला फुडच्या थांब्यावर उतरायचंच हाय." तरी पोरांनी बहिष्कार पुकारला आणि आम्ही खाली उतरलो. "चाला की," कंडक्टर म्हणाला, "बस काय रडत न्हाय."

या उन्हात घरापर्यंत चालत आलो. वाटेत पाणपोईला दोन नळ होते. बसू थांबला, "ह्यातला आपला कुठला?" तिथली बाई म्हणाली, "जो चालू हाय तो." मी हसले. पण त्यानं लगेच विचारलं, "आपल्याकडं वेगळं कधीच नव्हतं?" मी म्हटलं, पाणी पी. पोरगा पाणी प्याला, पण माझ्याकडं बघतच प्याला. तेव्हापासून उत्तर द्यायचं राहिलं आहे, आणि हे असते तर त्यांनी ते मलाच द्यायला लावलं असतं.

पुढची सहल कापसाची. रविवारी आम्ही दुधनीला तुझ्या शेतावर येतोय. स्वयंपाकाचा घाट घालू नका. चन्नम्माला आशीर्वाद.

तुझी अक्का,
गुरम्मा

ता. क. गोठ्याच्या कोनाड्यात तुमच्या सालगड्याचा, सयाजीचा वेगळा कप असतो, तो रविवारपुरता काढून ठेव. पोरांची नजर फार बारीक आहे. पत्र लिहिलं ते एवढ्याचसाठी.

ता. क. २. पाकीट बंद करता करता वाटलं, लपवून काय होणार? काढू नकोस. सयाजीला आमच्या पंगतीत बसव, त्याला घरातल्या कपात चहा दे, आणि कोनाड्यातला तो कप मला दे. बसू का म्हणून विचारेल, तेव्हा तू आणि मी दोघं मिळून सांगू. चन्नम्माला म्हणावं, माझ्या चहात साखर घालू नको, डॉक्टरांनी बंद केली आहे.