शेपटाचे अकरा सांधे

३ फेब्रुवारी
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अखेर वेल्डिंगचे सिलिंडर आले. ऑक्सिजनचा उंच, ॲसिटिलीनचा बुटका. त्यांच्यापायी गाडी गॅरेजबाहेर गेली, आता आपणही बाहेरच झोपू, असं तुझी भावजय म्हणते. तू तीस वर्षं सायकलच्या कारखान्यात सांधे जोडलेस, मी बस चालवली. निवृत्त होऊन विमान बांधायला घेतलं तर सगळे हसले; तू तेवढी हसली नाहीस. ॲसिटिलीनच्या रेग्युलेटरचा नट काही केल्या बसत नाही. दोन दिवसांत खांदे गेले. काय चुकतंय?

लोभ आहेच, तो जरा लवकर पोस्टात टाक.
तुझा धाकटा

९ फेब्रुवारी
चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

अरे, त्या नटाचे आटे उलटे असतात. डावीकडे फिरव. थकलेल्या माणसानेही चुकीची नळी जोडू नये म्हणून मुद्दाम तसं करतात. सिलिंडर उभेच ठेव, साखळीने भिंतीला बांध. ऑक्सिजनला तेलकट हात लावू नकोस. गळती साबणाच्या फेसाने बघ. काडी ओढून बघणारा एक शहाणा आमच्याकडे होता, त्याच्या भुवया परत उगवल्या नाहीत.

भावजयीला घरात झोपायला सांग. माझे गुडघे आहेत तसेच.
तुझी ताई

२० मार्च
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नट एका झटक्यात बसला. शेपटाकडच्या सांगाड्याचे अकरा सांधे झाले. सकाळी आठ ते दिवे लागेपर्यंत तेच. डोळे चुरचुरतात, जेवताना हातातून घास पडतो. पण उरकलं एकदाचं. त्याच हाताने केलेला एक सुटा सांधा पाठवतोय. कौतुक कर.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
धाकटा

२८ मार्च
चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

सांधा करवतीने उभा चिरला. वरून देखणा, आत नळ्या एकमेकींना नुसत्या टेकल्यात. अकराही काप.

रागावशील, म्हणून कुणाला न सांगितलेलं सांगते. एकदा कारखान्यातली पाळी संपत आली होती, अंग मोडून आलं होतं. मी एक सांधा असाच वरवर ओढून दिला. ती सायकल एका दाईने घेतली. उतारावर पुढचा दांडा तुटला. बाई वाचली, पण पाय ओढत चालायची. बाजारात दिसली की मी रस्ता बदलायचे. आणि ती सायकल जमिनीवर होती रे.

रागावलास तरी पत्र लिही.
ताई

१५ एप्रिल
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आठवडाभर गॅरेज उघडलंच नाही. सिलिंडर परत करतो म्हणालो. तुझी भावजय म्हणाली, खुशाल करा, पण आधी ते सांधे कापा, उद्या दुसरं कुणी त्यावर उडायला नको. मग कापले. ती नळी धरायची, मी करवत चालवायचो. अकराही आतून तसेच निघाले.

काल एक नवा सांधा करून चिरला, आतपर्यंत एकजीव. आज सकाळी सांगाड्यावरचा पहिला केला. दुसऱ्याला हात घातला तर हात जड वाटला. दोन्ही सिलिंडर बंद केले, नळ्यांतला गॅस सोडला आणि साडेदहालाच घरात आलो. तुझ्या भावजयीने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

त्या दाईबद्दल पत्रात काही लिहीत नाही. तू ये. समोर बसून बोलू. विमानाचं होईल तेव्हा होईल.

वाट पाहतोय.
तुझा धाकटा