न चिकटवलेलं पाकीट

१४ नोव्हेंबर, जहाजावरून

ती. ताईस नमस्कार.

मी ठीक आहे. धाकटीला दात आला का? मामाचा फोटो दाखवत जा, नाहीतर मला बघून भोकाड पसरेल.

माझ्या बढतीचं भाऊजींनी तुला कळवलंच असेल. आता प्रवाशांच्या खोल्या झाडायच्या नाहीत, झाडणाऱ्या बारा जणांवर नजर ठेवायची. खांद्यावर एक पट्टी आली आणि जेवायची खोलीही बदलली. पहिल्या दिवशी माझ्या शर्टाला इस्त्री भाऊजींनीच केली. ज्यांनी मला इथे नोकरीला लावलं, चादर कशी ताणायची ते शिकवलं, ते आता माझ्या हाताखाली. चारचौघांत मला सर म्हणायचे. मी नको म्हटलं, तर म्हणाले, "नियम आहे बाबा. घरी गेल्यावर कान पिळीन."

त्यांच्या गुडघ्याचं तुला ठाऊक नाही. वर्षभर दुखतोय. डॉक्टर घरी धाडेल म्हणून लपवला. चादरींची गाठोडी आम्ही पाच मजले जिन्याने न्यायची, लिफ्ट प्रवाशांची. बढतीआधी त्यांची गाठोडी मीच न्यायचो. पट्टीवाल्याने गाठोडं उचलायचं नसतं. मग त्यांचं कोण नेणार, हे मी विचारलं नाही.

मंगळवारी ते गाठोडं घेऊन प्रवाशांच्या लिफ्टमधून बाहेर पडले. समोर माझी सगळी माणसं. सरांच्या भाऊजींची चैन आहे, ही कुजबुज आधीपासूनच होती. सगळे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. भाऊजींच्या नावावर दोन लेखी ताकिदी होत्या. तिसरी मिळाली की माणसाला पुढच्या बंदरात उतरवतात. हे मला पाठ होतं, तरी मी लिहिली. मला कोणीही सांगितलं नव्हतं, ताई. पट्टी जाईल म्हणून मी घाबरलो.

त्यांनी कागद शांतपणे वाचला. "सही कुठे करू, सर?" म्हणाले. तेव्हा खोलीत आम्ही दोघंच होतो.

उद्या ते उतरतील. तुला म्हणतील, कंटाळा आला, सोडली नोकरी. ते काहीही म्हणोत, गुडघा आधी दाखवून घे. चार दिवस मी त्यांच्याशी बोललेलो नाही, मान वर होत नाही. हे पत्र त्यांच्याच हाती देतोय. पाकीट मुद्दामच चिकटवलेलं नाही.

माझा कान पिळायचा हक्क अजून त्यांचाच आहे. त्यांनी बोलावलं, तरच घरी येईन.

तुझा, आणि त्यांचाही,
धाकटा