किल्ल्या पूजेला ठेवल्या तेव्हा

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना.
मालकांनी गेल्या दिवाळीत दिलेली डायरी आज उघडली. बाकीच्यांना सेकंड मालाचे टॉवेल मिळाले होते, मला डायरी. यावरून काय ते कळतं. आधीची पानं कोरी गेली, हरकत नाही. मोठी माणसं कामातच असतात.

आज छोट्या मालकांनी, म्हणजे ओजससाहेबांनी, केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, सिद्धलिंगकाका, तुम्ही आमच्या फॅमिलीतले. जुने माग काढून नवीन मशिनरी आणायची आहे, तेव्हा तुमच्यासारखा माणूस लागेल. मी उभाच होतो. समोर एकच खुर्ची होती आणि तिच्यावर त्यांची बॅग होती. महागाची असावी.

संकल्प: १. रोज डायरी. २. तंबाखू बंद. मॅनेजर माणसाच्या दाताला शोभत नाही. ३. डबा कामगारांत बसून खायचा नाही. सुपरवायझर होतो तोवर ठीक होतं.

२३ सप्टेंबर
डबा कपाटाशेजारी उभा राहून खाल्ला. चटणी सांडली.

२४ सप्टेंबर
बाहेरचा एक माणूस माग बघून गेला. प्रत्येक मागाला लोहचुंबक लावून बघत होता. टेक्निकल माणूस. भीमा मागावर नवीन नाही, वीस वर्षं टॉवेल विणतोय, पण समज तेवढीच. म्हणाला, सायेब, ह्यो भंगारवाला हाय की. कुंभारीला आमच्या गल्लीत गाडी घेऊन येतोय. मी सांगितलं, कन्सल्टंट आहेत ते. तो म्हणाला, व्हय, आमच्या सासऱ्याचा पंखा पण त्यानंच कन्सल्ट केला.

सगळे हसले. मी हसलो नाही. मग वातावरण निवळावं म्हणून त्याच्याकडून चिमूटभर तंबाखू घेतली. याला तंबाखू खाणं म्हणत नाहीत.

२६ सप्टेंबर
बातमी फुटली. दुपारी सगळे नळाजवळ जमले. म्हणणं एकच: माग गेले तर आमी कुटं जायचं, हे मालकानं समोर येऊन सांगावं. तोवर खंडेनवमीला पूजा झाली की कुणी घरी जायचं नाही, दसऱ्यापर्यंत पाळीपाळीने मागाजवळ बसायचं. कांड्या भरणारी बसम्मा सगळ्यांत पुढे. म्हणाली, अण्णा, आमी बसलो तर माग कोन उचलतंय बघू की.

ओजससाहेबांच्या कानावर घातलं. ते मोबाइलमधून मान वर न करता म्हणाले, काका, यांना सणाला घरी पाठवायचं काम तुमचं. तुमच्याशिवाय कोण करणार?

खरं आहे. कोण करणार?

घरी सांगितलं. रत्नम्मा टॉवेलच्या किनारी मारत होती. कारखान्याचेच टॉवेल येतात घरी, गठ्ठ्याने. म्हणाली, नवीन मशीन किनार पण स्वतःच मारतं म्हणे. मग माझं काय हो? मी म्हटलं, तुझं काय, तू तर वेळ घालवायला शिवतेस. तिने दोरा दाताने तोडला.

गेली तीन वर्षं घरचा किराणा त्यातून येतो, पण मूळ उद्देश वेळ घालवणे हाच.

२८ सप्टेंबर, रविवार
भाषणाची तयारी. आरशासमोर ‘ट्रान्झिशन’ हा शब्द म्हणून बघितला. रत्नम्माने आतून विचारलं, कुणाला शिव्या देताय?
तंबाखू: फक्त सकाळी.

३० सप्टेंबर. अष्टमी.
भाषण झालं. ट्रान्झिशन राहून गेलं. बाकी चांगलं झालं.

मी म्हटलं, पूजा झालेल्या मशीनला दसऱ्यापर्यंत आपण बोट लावत नाही, मग मालक लावतील का? मालकांच्या घरी नऊ दिवस अखंड दिवा असतो. भीमा म्हणाला, दिवा हाय म्हणून तर त्यास्नी सगळं दिसतंय, सायेब. पुन्हा हशा. माझा तोल जात होता. तेवढ्यात सुचलं. कमरेची किल्ल्यांची जुडी काढली आणि सांगितलं, उद्या तुमच्या धोट्यांबरोबर, हत्यारांबरोबर ह्याही पूजेला. गेटची, हॉलची, सगळ्यांची. दसऱ्याला आपण मिळून उचलू. तोवर दार उघडणारच नाही.

आजवर मी किल्ल्या कधी खाली ठेवल्या नव्हत्या. बसम्माने किल्ल्यांकडे आणि माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, बरं, अण्णा. तुमच्या तोंडाकडं बघून जातो आमी.

तोंडाकडं बघून. याला पर्सनॅलिटी म्हणतात.

१ ऑक्टोबर. खंडेनवमी.
माग पुसले, हळदकुंकू लावलं, प्रत्येकाला झेंडूची माळ. लाल कापडावर सगळ्यांची हत्यारं मांडली. विणकरांचे धोटे, माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरचे पाने, बसम्माची कात्री. सगळ्यांत वर माझ्या किल्ल्या. शोभून दिसत होत्या.

मोठे मालक, देवदत्तशेठ, स्वतः आले. पहिल्या मागावर डोकं टेकवलं. उठले तेव्हा डोळे भरलेले होते. भीमाला म्हटलं, बघ, ही श्रद्धा. भीमा म्हणाला, आमच्या घरातनं म्हस विकली तवा माझा बाप असाच रडलावता. प्रत्येक गोष्टीत म्हस आणायची सवय.

हॉलला कुलूप लावताना किल्ली लागत नाही. ते नुसतं दाबलं की बसतं. मी दाबलं, किल्ल्या आतच. सगळ्यांनी बघितलं. बारापर्यंत सगळे घरी. ओजससाहेब म्हणाले, काका, तुम्हीही जा, फॅमिलीबरोबर सण करा. किती विचार करतात.

कमरेला काही नसल्यामुळे चालताना एका बाजूला कलल्यासारखं वाटत होतं.

२ ऑक्टोबर. दसरा.
सकाळी नवीन शर्ट घालून गेलो. सगळे गेटबाहेर उभे होते. गेटला नवीन कुलूप. निळ्या ड्रेसमधले गार्ड, आपल्या ओळखीचे कुणी नाहीत. आतून गॅस कटरचा आवाज. एक ट्रक बाहेर पडला. मागाचे तुकडे. एका तुकड्याला माळ तशीच होती.

मालकांकडे दुसऱ्या किल्ल्या असणार, हे मला सुचलं नव्हतं. म्हणजे सुचलं असतं. सणाची गडबड होती.

ओजससाहेबांना फोन लावला. बिझी. परत लावला. बंद.

गार्डला म्हटलं, मी मॅनेजमेंटचा. त्याने विचारलं, कुठल्या मागावर होता?

कुणी मला काही बोललं नाही. शिव्या दिल्या असत्या तर उत्तर तयार होतं. थोड्या वेळाने गार्डने फटीतून एक गाठोडं बाहेर सरकवलं. पूजेचं लाल कापड. म्हणाला, साहेबांनी सांगितलंय, ज्याचं त्याने घेऊन जायचं. बसम्माने रस्त्यावरच गाठ सोडली. ज्याने त्याने आपलं उचललं. धोटे गेले, पाने गेले, कात्री तिने कमरेला खोचली. शेवटी कापडावर किल्ल्या राहिल्या. तिने हातात धरून विचारलं, आनि हे कुनाचं?

तिला माहीत होतं. मी जरा उशिरानेच हात पुढे केला.

घरी आलो. टॉवेलचा गठ्ठा न्यायला कुणी आलं नव्हतं. रत्नम्मा शिलाई मशीन कापडाने झाकून बसली होती. तिने आपट्याचं पान हातात दिलं. मी किल्ल्या खुंटीला लावल्या. आवाज झाला. तिने बघितलं नाही.

३ ऑक्टोबर
भीमाचा फोन. सगळे गेटसमोर बसणार आहेत. येताय का असं त्याने विचारलं नाही, बसणार आहेत एवढंच सांगितलं. गेलो. कुणीतरी शिस्त ठेवायला पाहिजे.

मी गेटजवळ बसलो, बाकीच्यांपासून जरा वेगळा. दहाच्या सुमारास गार्ड आला. वर्कर लोकांनी रस्त्याच्या पलीकडे बसायचं. सगळे उठून गेले. मी थांबलो. तो म्हणाला, तुम्हीपण.

त्याला समजावून सांगणार होतो. ऊन फार होतं.

पलीकडे गेलो. भीमा जरा सरकला.