खिळ्याचं फूल

१२ जून १९६१, मुरुम. पहाटे ५.
ही वही खासगी. आमची चंदा, म्हणजे चि. चंद्रप्रभा, भारताकडून बॅडमिंटन खेळणार. तिचा कोच मीच. हायस्कुलात ड्रिल मास्तर आहे, पण ते पोटापुरतं. पोर अठराची, आठव्या वर्षापासून माझ्या हाताखाली.
संकल्प: रोज पहाटे उठणे. तंबाखू बंद. इंग्रजीचे रोज पाच शब्द. लंडनच्या सामन्यांना लागतील.

१३ जून. सकाळी ८.
उठायला उशीर. तंबाखू उद्यापासून.
माझा शोध नोंदवून ठेवतो. शाळेच्या मैदानावर वारा असा की मारलेलं फूल थेट रस्त्यावर. म्हणून मी फुलाच्या बुचात चपट्या डोक्याचा खिळा ठोकतो. मग वाऱ्याच्या बापाला हलत नाही! चंदाला सगळी ताकद काढून मारावं लागतं. मनगट बघावं पोरीचं! शाळेत पाणी भरणारी दगडाबाई म्हणते, मास्तर, पोरगी लई जोरानं हाणती, हिच्यापुढं धुण्याचा दगड टिकायचा न्हाय. अडाणी बाई.

२ ऑगस्ट.
चंदा म्हणाली, अण्णा, महांतप्पा आडत्यांची वखार रिकामी आहे, पत्रे उंच, आत वारा नाही. तिथं बिनखिळ्याचं खेळून बघू का? मुंबईत बंद हॉलात खेळतात म्हणं. मी बजावलं, जड झेपलं की हलकं आपोआप झेपतं. खिळ्याचं फूल उचलून मैदानावर गेली. समजूतदार आहे.
सौ. वनमाला लंडनच्या थंडीसाठी निळा स्वेटर विणतेय. एक बाही झाली.

१९ नोव्हेंबर. मुंबई.
निवडीचे सामने. हरलो. ११-०, ११-१. समोर काडीसारखी मुलगी.
कारणं: दिवे डोळ्यांवर. रात्रभर प्रवास. शिवाय इथला माल हलक्या प्रतीचा. चंदानं नुसता हात लावला की फूल मागच्या रेषेपलीकडं. सगळी आऊट. एक गुण मिळाला तो समोरचीनं जाळीत मारलं म्हणून.
पंचांना आपलं फूल दाखवलं, म्हटलं असा माल वापरा. पंच पोट धरून हसले. निवड समितीतल्या एक बाई होत्या. त्यांनी फूल तळहातावर तोललं, विचारलं, मुलगी ह्यानं किती वर्षं खेळते? दहा, मी छाती काढून सांगितलं. बाई हसल्या नाहीत. चंदाकडं बघत राहिल्या.

२१ नोव्हेंबर. मुरुम.
परतीला सोलापूरपर्यंत चंदाचं तोंड खिडकीकडं. डोळे लाल. इंजिनाचा कोळसा गेला असावा.

५ डिसेंबर.
त्या बाईंचं पत्र. मुलीच्या मनगटात विलक्षण ताकद आहे, सहा महिने पुण्याला आमच्या घरी राहू द्या, नव्यानं शिकवते, पुढच्या वर्षी संघात येईल. नव्यानं! म्हणजे माझी दहा वर्षं गेली कुठं? उलट टपाली कळवलं: कोच हयात आहे. आता माफीचं पत्र येईल. तोवर हे दप्तरात तळाशी ठेवलं. चंदाला कशाला सांगा, उगीच मन हलायचं.

२० जानेवारी १९६२.
माफी नाही. चंदा रोज विचारते, मुंबईहून काही आलं का. नाही म्हणतो. इंग्रजीचे शब्द एकूण नऊ.

९ मार्च.
सौ.नं दप्तर झाडलं. पत्र सापडलं. चंदानं उभ्यानंच वाचलं. म्हणाली, अण्णा, मला एकदा तरी विचारायचं होतं. रडली असती तर समजूत घातली असती. मुद्दे तयार होते. रडली नाही. पत्राची घडी घालून माझ्या हातात दिली.
तालुक्याला जाऊन पुण्याला तार केली: पाठवतो.

१४ मार्च.
उत्तर आलं. दुसरी मुलगी घेतली. त्यांचंच नुकसान.

२ एप्रिल.
आपल्याच जिल्ह्यातल्या वाशीचं स्थळ. मुलगा कचेरीत कारकून. मी म्हटलं, एक वर्ष थांबू. चंदा म्हणाली, नको, उरकून टाका. रॅकेट खुंटीला लावली. पोर शहाणी झाली. मला जेवण गेलं नाही, पित्त असेल.

२८ मे.
लग्न झालं. सौ.नं निळा स्वेटर रुखवतात मांडला. भर मे महिन्यात. पाहुणे हसले. चंदानं तो उचलून छातीशी धरला, तेव्हा मी पाणी बघायच्या निमित्तानं मागं गेलो.

६ जून. दुपारी.
घरात करमेना. फुलातला खिळा काढला, रॅकेट घेतली, महांतप्पांकडून वखारीची किल्ली आणली. तंबाखूच्या डबीतल्या चुन्यानं मागची रेघ आखली.
नुसता हात लावला. फूल थेट पलीकडच्या भिंतीला. परत मारलं, हळू. परत भिंतीला.
बिनखिळ्याचं मी जन्मात कधी खेळलोच नव्हतो.
पोरी, चुकलं गं माझं.
पलीकडं कुणी नाही. आपणच मारायचं, चालत जायचं, उचलून आणायचं. सांज होईतो मारत होतो. एकही आत पडलं नाही.