साडूच्या गाडीत दिवा लागत नाही

३ जून
गॅरेजच्या फुकट तपासणीचा खर्च: जाण्यायेण्याचं पेट्रोल, अर्धा दिवस बंद दुकान, वाट बघताना प्यालेले तीन चहा, आणि मेकॅनिकचा प्रश्न, "अजून किती वर्षं ओढणार ही गाडी?" शेवटच्या वस्तूची किंमत काढता येत नाही. इंजिनाचा पिवळा दिवा लागलाय. चाळीस हजार म्हणतो. मी विचारलं, दिव्याचे की गाडीचे? हसला नाही.
रविवारी लेकीला हॉस्टेलवर सोडायचंय. सोडणार मीच, माझ्याच गाडीतून.

४ जून
साडू आला. आमचा डबा परत द्यायला. महिन्याभरात चौथा डबा. एका डब्यासाठी एवढी मोठी नवी गाडी. त्याच्या गाडीत म्हणे दिवा लागतच नाही, काही बिघडायच्या आत गाडी स्वतःच कंपनीला कळवते. चुगलखोर गाडी. मला नको. बायको मात्र तिचं दार उघडून-लावून बघत होती. किती मऊ लागतं, असं दोनदा म्हणाली. एवढ्या वर्षांच्या संसारात माझ्या कशालाही मऊ म्हणाली नाही.
साडू म्हणाला, "दादा, माझा माणूस बघून देईल. नाहीतर रविवारी मीच सोडतो पोरीला."
मी ठणकावलं, माझी लेक माझ्याशिवाय कुणाच्या गाडीतून जायची नाही. लेक मोबाईलमध्ये मान घालून बसली होती. भरून आलं असणार.

५ जून
दुसरं गॅरेज. सेन्सर गेलाय म्हणे, अकरा हजार. परवा चाळीस, आज अकरा. तिसरीकडे गेलो तर उलट मलाच काहीतरी देतील. साडूच्या माणसाकडे जाणार नाही. तो दोन हजारांत करेल, पण साडू ते दोन हजार वर्षभर प्रत्येक जेवणात वाढेल.

६ जून
एका पक्कडीवर मोटर-रिवाइंडिंगचं दुकान उभं करणारा माणूस मी. मला दिवा घाबरवणार? बॅटरीची वायर काढली, थोडं थांबलो, परत लावली. दिवा गायब! खर्च शून्य. बायकोला दाखवलं, लेकीला दाखवलं, समोरच्या इस्त्रीवाल्यालाही. साडूला फोटो पाठवला. त्यानं अंगठा पाठवला. नुसता अंगठा. जळला.

७ जून
दुपारी दिवा परत. त्यावर काळी इन्सुलेशन टेप चिकटवली, दुकानातली, उत्तम दर्जाची. काम चोख झालंय. गाडी मध्येच आचके देते, पण तो रस्त्याचा दोष.

८ जून, रविवार
रस्ता गेल्याच महिन्यात केलेला आहे. कोपऱ्यापर्यंत तीन आचके, मग गाडी बंद. टेप काढली. दिवा आता लुकलुकत होता.
पाच मिनिटांत साडू हजर. डिकी आधीच रिकामी केलेली. मागे बायको आणि मी, माझ्या मांडीवर गादीची वळकटी. लेक पुढे. गाव मागे पडल्यावर ती खिडकीकडे तोंड करून रडायला लागली. साडूनं टिश्यूचा डबा तिच्याकडे सरकवला. मी हात पुढे केला होता. मध्ये गादी आली.

त्याच दिवशी, संध्याकाळी
बायकोला म्हटलं, बरं झालं, योगायोगानं साडू मोकळा होता.
ती म्हणाली, "योगायोग कसला? पोरीनंच मेअखेरीस भाऊजींना सांगून ठेवलं होतं. म्हणाली, मला वाटेत रडू येईल, आणि बाबा सगळी वाट काकांच्या गाडीला नावं ठेवत बसतील. तुम्हाला सांगायचा धीर होईना पोरीला."
मी म्हटलं, दिवा लागला म्हणून घाबरली असेल.
दिवा त्यानंतर आठवड्यानं लागला.